ह्यांना विचारून येते

जेवायला बसायच्या आधीच थोरल्याने निकाल देऊन टाकला होता. काल जे झालं त्याचा दोष पोलिसांच्या त्या कार्यक्रमाचा आहे, आणि कार्यक्रम बंद झाला पाहिजे. हे त्याने खिडकीकडे बघून सांगितलं, कारण कार्यक्रम चालवणारी त्याचीच मुलगी होती आणि ती समोर बटाटे सोलत बसली होती. घरात तिला लहानपणापासून फौजदार म्हणत. पुढे ती पोलिसात गेली आणि खरोखरच फौजदार झाली, तेव्हा नवीन नाव शोधायची खटपट वाचली, असं आजी म्हणाली होती.

धाकटा दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. घरच्यासारखा आत सरकून नाही आणि पाहुण्यासारखा ऐसपैसही नाही. पायांमध्ये बॅग, उजव्या मनगटाला पट्टी. संध्याकाळची बस आहे हे सकाळपासून त्याचं प्रत्येकाला वेगवेगळं सांगून झालं होतं. आजीला सांगायचं तेवढं राहिलं होतं. दोघा भावांची मधली बहीण, म्हणजे आत्या, मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून ताटं पुसत होती. ताटं केव्हाच कोरडी झाली होती.

इतक्या वर्षांनी दारात आलेल्या धाकट्याला त्याच्याच आईने, म्हणजे आजीने, पोलिसांच्या हवाली केलं होतं. गोष्ट एवढीच होती, पण घरात ती कुणाच्याच तोंडून बाहेर पडत नव्हती. सगळे 'काल जे झालं ते' असं म्हणत होते.

मागच्या वर्षी आसपासच्या गल्ल्यांमधून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फसवण्याचं पेवच फुटलं होतं. दिवेलागणीला दारावर थाप पडायची. "मावशी, मी," असं रडवेल्या आवाजात कुणीतरी म्हणायचं. पुढचं काम म्हातारं माणूस स्वतःच करून टाकायचं. कोण तू, आमचा अमका का, असं विचारून आपणच नाव पुरवायचं आणि आपणच दार उघडायचं. त्यावर फौजदाराने 'ओळखून उघडा' नावाचा कार्यक्रम सुरू केला. वाचनालयाच्या हॉलमध्ये बैठका, गल्लीगल्लीत शिट्ट्या आणि नारिंगी जाकिटं घातलेले शेजारी, आणि पोलीस ठाण्याचा एक वेगळा फोन.

तिची खरी करामत होती ती एका प्रश्नात. नाव विचारू नका, नाव कोपऱ्यावरच्या दुकानातही कळतं, असं ती सांगायची. घरातलं जे माणूस देवाघरी गेलंय त्याचा विषय काढा, पण ते जिवंत असल्यासारखा. 'थांब हं, ह्यांना विचारून येते,' एवढंच म्हणा. घरचा असेल तर तो गडबडेल, रागावेल, तुम्हाला वेड लागलं की काय म्हणेल. आणि भामटा असेल तर म्हणेल, हो हो, विचारून या. ठाण्यात या युक्तीला 'आजोबांचा प्रश्न' हे नाव पडलं, कारण बैठकीत ती करून दाखवताना कायम याच घरातल्या आजोबांचा, म्हणजे अण्णांचा, आधार घेतला जायचा. आजी पहिल्या रांगेत. नात भामट्याचा आवाज काढायची आणि आजी खुर्चीला दार समजून तिच्याआडून अण्णांना विचारायला निघायची. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याला काहीतरी काम मिळालं, म्हणून आजी खूश होती. पलीकडच्या गल्लीतली एक शिंपीणबाई या प्रश्नामुळे वाचली तेव्हा तर आजीने ऐटीत सगळ्यांकडून पाठ थोपटून घेतली होती.

काल तिन्हीसांजेला आजी घरात एकटी होती. थाप पडली. बाहेरचा घोगरा आवाज म्हणाला, "आई, मी." समुद्रावर गेलेला एक मुलगा या घराला आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. आजीने कानातलं यंत्र नीट बसवलं आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "थांब हं, ह्यांना विचारून येते."

बाहेरून उत्तर आलं, "विचार. ते हो म्हणाले तरच उघड."

आजीने फोन उचलला.

नारिंगी जाकिटं आली. धक्काबुक्की झाली, धाकटा पायरीवर पडला आणि मनगट दुखावून बसला. त्याला ठाण्यात नेल्यावर आजीने जाकिटवाल्यांना चहा पाजला आणि तासभर शेखी मिरवली, की एक पकडला, या वयात पकडला. मग ठाण्यातून नातीचा फोन आला. त्यानंतर आजी जी गप्प झाली ती आज दुपारपर्यंत.

आता थोरला म्हणत होता की उद्या तो स्वतः ठाण्यात जाऊन साहेबांना भेटणार. साहेबांनी तसाही फौजदाराकडे लेखी खुलासा मागितला होता. प्रश्न चुकला कसा, एवढंच त्यात लिहायचं होतं. थोरला मोटार चालवायला शिकवायचा, अण्णांनीच काढलेली शाळा पुढे चालवायचा, आणि आयुष्य शिकाऊ माणसांच्या शेजारी गेल्यामुळे बोलताना त्याचा पाय टेबलाखाली ब्रेक दाबत असे. आज पाय सारखा दाबला जात होता. फौजदाराने ते पाहिलं. बाबांना इतका राग आलाय तो आजीसाठी, असं तिला आधी वाटलं. मग वाटलं, राग आलेला माणूस एकदा तरी आपल्या भावाकडे बघतो. बाबांनी सकाळपासून काकाच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता.

*

आत्याला कार्यक्रमाशी काही देणंघेणं नव्हतं. ती दादाच्या बाजूने मान हलवत होती ती सवयीने. अण्णांच्या आजारपणात दादाने जे केलं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. दिवसा शाळेची मोटार, रात्री इस्पितळ; जेवायचा तोही गाडीत. आणि हा, तिचा लाडका छोट्या, ज्याला तिने कडेवर घेऊन मोठं केलं, तो वडील गेल्याचं कळूनही आला नाही. 'जमणार नाही म्हणाला,' असं दादाने सांगितलं तेव्हा तिने मनात त्याच्या नावावर काट मारली. ती काट मारायला तिला किती त्रास झाला, हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

म्हणूनच काल त्याला पोलिसांनी नेलं हे कळल्यावर तिला क्षणभर बरं वाटलं होतं. आता त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की ती खोचक बोलायची. ताट ठेवत ती म्हणाली, की काही माणसांना दार उघडलं नाही म्हणून राग येतो, पण उघडं दार टाकून ती स्वतः किती वर्षं आली नाहीत याचा हिशेब कुणी ठेवायचा.

धाकट्याला कळलं, हे आपल्याला आहे. त्याचा आवाज जहाजाच्या इंजिनाच्या खोलीत ओरडून ओरडून बसला होता. तो कसाही बोलला तरी विनवणी केल्यासारखं वाटायचं.

"ताई, अण्णांनी सांगितलं होतं, मी आहे तोवर या घरात पाऊल टाकायचं नाही. मी त्यांच्या मोटारीच्या शाळेत नाही शिरलो, जहाजावर गेलो, त्यांना राग आला. तुझ्यासमोरच झालं ते सगळं. मी नाही टाकलं पाऊल."

"आणि ते गेल्यावर?"

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. मग खाली बॅगेकडे. तो म्हणाला, की आता जहाज कायमचं सोडलंय. वाटलं, अण्णा म्हातारे झाले असतील, राग उतरला असेल, एकदा जाऊन पाया पडू. वाटेत बसमध्ये काय काय बोलायचं तेही ठरवलं होतं. आई दारातून म्हणाली, ह्यांना विचारून येते. बरं वाटलं. अण्णा आत आहेत, आपण बाहेर उभे आहोत, आणि आई मध्ये पडून विचारतेय, अगदी पूर्वीसारखं.

"मग त्या जाकिटवाल्यांनी धरलं," तो म्हणाला. "एकाने विचारलं, कुणाला फसवतोस रे, या घरातला म्हातारा कधीच वारला. तेव्हा कळलं मला."

आत्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

मग धाकट्याने उरलेलंही सांगून टाकलं. मला कळवायचं नाही असं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल, माझी काही तक्रार नाही, तो म्हणाला. अण्णांचीच तशी इच्छा असेल. पण ते ऐकायला आज इथे बसवत नाही. संध्याकाळची बस आहे.

आजी तिच्या खुर्चीत ताठ बसली होती. तिने ऐकलं की नाही ते कळत नव्हतं.

*

फौजदाराने सुरी खाली ठेवली. ठाण्यात तिला एक गोष्ट चांगली जमायची. सगळे ज्या गोष्टीवर भांडतायत ती बाजूला ठेवून शेजारची विचारायची. रात्रीपासून खुलाशाच्या कागदावर ती एकाच वाक्याशी अडली होती. प्रश्न चुकला कसा? प्रश्न चुकलाच नव्हता. त्या प्रश्नाने बरोबर तेच पकडलं होतं जे पकडायला तो केला होता: दारात उभ्या माणसाला या घरात कोण जिवंत आहे हे ठाऊक नाही. फक्त तो माणूस या घरातला होता.

हे नीट विचारलं तर उत्तर कुणाकडे जाणार, याचा अंदाज तिला आला होता. नाही विचारलं तर कार्यक्रम बंद पडेल, सगळं खापर एका युक्तीवर फुटेल, आणि काका सहा वाजता निघून जाईल. तिने वडिलांच्या पायाकडे पाहिलं. मग विचारलं.

"काका, तुला कुणीच कळवलं नव्हतं?"

"कुणी कळवणार? नंबर दादाकडेच होता. कंपनीच्या कचेरीचा. काही झालं तर तेवढं कळव, असं सांगून गेलो होतो मी. खरं सांगू का, त्या नंबराच्या जिवावर मी झोपायचो. फोन आला नाही म्हणजे घरी सगळं ठीक आहे."

"असं कसं?" आत्या म्हणाली. ती आता त्याच्याकडे तोंड करून उभी होती. "दादाने फोन केला होता. तू जमणार नाही म्हणालास."

"मी?"

एवढा एकच शब्द तो बोलला, पण त्यात इतका भाबडेपणा होता की आत्याला दुसरा पुरावा लागला नाही. तिने हळूच मान वळवली. ज्या भावाच्या बाजूने ती सकाळपासून उभी होती, त्याच्याकडे तिने आता पाहिलं, आणि पाहता पाहता टेबलाची ती बाजू सोडून धाकट्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "तू मला याच दारात सांगितलंस. माझा हात धरून सांगितलंस."

*

थोरल्याला वाटलं होतं, हा क्षण येईल तेव्हा आपण चिडू, आवाज चढवू. प्रत्यक्षात त्याला फक्त थकवा आला.

तो खोटारडा माणूस नव्हता. शिकाऊ मुलगा नापास होणार असेल तर तसं तोंडावर सांगायचा. अण्णा गेले त्या सकाळी त्याने नंबर बाहेर काढलाही होता. मग लोक यायला लागले. प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, तू किती केलंस, किती केलंस. आयुष्यात पहिल्यांदा सगळे त्याच्याकडे बघत होते. अण्णांनी कधी बघितलं नव्हतं. अण्णा जेवताना सुद्धा जो नाही त्याच्याबद्दल कुरकुरायचे. समोर बसून वाढणाऱ्याबद्दल कुरकुरण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बोलण्यासारखंही नव्हतं. आज फोन केला तर तो येईल, आणि तो दारात दिसला की घरभरची सगळी माणसं त्याच्याकडे धावतील, हे थोरल्याला लख्ख दिसलं. उद्या करू, असं त्याने ठरवलं. आईने विचारलं तेव्हा 'कळवलंय' म्हणून गेला. उद्या केला नाही, आणि परवा करायचा तर काल का नाही केला हे सांगावं लागलं असतं. पुढे आत्याला 'जमणार नाही म्हणाला' हे सांगताना त्याला वाटलं होतं की निदान ती विचारायची थांबेल. ती थांबली, सगळेच थांबले. धाकट्याच्या मागे त्याचं वाईट नाव झालं, आणि थोरल्याला त्याबद्दल रोज थोडं वाईट वाटत राहिलं, पण निस्तरण्याइतकं कधीच वाटलं नाही.

यातलं काही तो बोलला नाही. तो एवढंच म्हणाला, "नव्हता केला फोन."

मुलीकडे पाहून त्याने पुढे जोडलं, की तुझ्या कार्यक्रमात काही खोट नाही. उद्या तुझ्या साहेबांना तसं लिहून देतो.

फौजदाराला वाटलं होतं आपल्याला राग येईल. तिला आठवत राहिलं ते इस्पितळातून घरी येणारे बाबा, गाडीतच झोपलेले, हात स्टिअरिंगवर. राग यायचा तो येईलच, पण आधी तिला त्यांची फार दया आली, आणि दया आल्याचं तिने लपवलं नाही. तिने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

धाकटा उठला. तो कुणावर ओरडला नाही. घोगऱ्या आवाजात म्हणाला, की ठीक आहे, कळलं, आता निघतो. बस चुकली तर पुन्हा पंचाईत. आत्याने त्याची बाही धरली.

*

आजीने सगळं ऐकलं होतं. यंत्र कानात नीट होतं.

कालपासून ती गप्प होती ती लाजेने, असं सगळे समजत होते. लाज होतीच. पण त्याहून मोठं असं काहीतरी तिला टोचत होतं आणि ते सांगायला शब्द जुळत नव्हते. दाराबाहेरचा आवाज तिला ओळखीचा वाटला होता. ओळखीचा वाटला म्हणूनच तिने विचारलं. नातीने पहिल्याच बैठकीत बजावलं होतं, की ज्याचा आवाज ऐकून दार उघडावंसं फार वाटेल, त्यालाच आधी विचारा. तिला फार वाटलं होतं. आणि 'विचार, ते हो म्हणाले तरच उघड' हे ऐकल्यावर तिच्या मनात आलं ते असं: माझा मुलगा असता तर त्याला ठाऊक असतं. तो तर ठाऊक असूनही आला नव्हता. म्हणजे हा तो नाही.

एका खोट्यावर ती इतकी वर्षं रुसून बसली होती, आणि त्याच खोट्याने काल तिच्याकडून फोन उचलवला होता. आता खोटं बोलणारा तिचाच होता, पायरीवर पडलेलाही तिचाच. एकाची बाजू घेतली तर दुसरा कायमचा जाईल, हे तिला कळत होतं. धाकटा बसने जाईल. थोरला याच घरात राहूनही जाईल, आणि ते जाणं जास्त वाईट.

"छोट्या, बस," ती म्हणाली.

धाकटा उभाच राहिला. आजी म्हणाली, की काल दाराआड उभं ठेवलं त्याची माफी मी तुझ्याजवळ मागेन, सगळ्यांदेखत मागेन, पण तिचा नंबर नंतरचा आहे. आधी एक काम राहिलंय. मग ती थोरल्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. लहानपणी दोघांना अभ्यासाला बसवताना असायचा तसाच होता.

"तू मला म्हणाला होतास, कळवलंय."

"हो."

"मग कळव. हा बघ, समोर आहे."

थोरल्याने आईकडे पाहिलं. तिची थट्टा चाललेली नाही हे त्याला कळलं. फौजदार उठून बाजूला झाली, म्हणजे दोघांच्या मध्ये टेबलाचीही अडचण राहू नये. आत्याने धाकट्याची बाही सोडली. धाकटा हळूच खाली बसला.

थोरल्याला सुरुवात जमेना. जाकिटवाल्यांना एका वाक्यात जे सांगता आलं ते त्याच्या तोंडातून निघायला बराच वेळ लागला.

"अण्णा गेले रे," तो म्हणाला.

धाकट्याला ते कालपासून ठाऊक होतं. तरीही त्याचा चेहरा आत्ता कळल्यासारखा झाला, आणि एखादा माणूस फोनवर विचारेल तसंच त्याने विचारलं.

"कधी?"

"पहाटे. बाहेर उजाडत होतं. फार त्रास नाही झाला. श्वास हळू होत गेला."

"जवळ कोण होतं?"

"मी. आईला आदल्या संध्याकाळी घरी पाठवलं होतं, ताई सकाळी यायची होती. मी एकटाच होतो."

"माझं नाव काढलं त्यांनी?"

खोलीतल्या प्रत्येकाला वाटलं, आता याने हो म्हणावं. आत्याला वाटलं, आजीलाही वाटलं. एक शब्द होता, आणि तो ऐकून धाकटा सुखाने निजला असता. थोरल्याच्या ओठावर तो आलाही असेल.

"नाही," तो म्हणाला. "माझंही नाही काढलं. पाणी मागितलं. मी दिलं."

धाकट्याने मान हलवली. तो वडिलांसाठी रडायला लागला, आवाज न करता, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून. कुणी त्याला गप्प करायला गेलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं आणि भावाकडे पाहिलं.

"बरं झालं, दादा," तो म्हणाला, "तू होतास."